मातान्किसोचं बुटकं बी

मातान्किसोला तुरुंगात नेलं त्या दिवशी मी कंपनीत कात्री घेऊन गांजाच्या कळ्या साफ करत होते. तिला नेलं ते गांजा लावला म्हणून. हे ज्याला गमतीचं वाटत असेल त्याने आमच्या डोंगरावर येऊन एक हिवाळा काढावा.

ती माझ्या सासूची चुलत बहीण. नवरा सीमेपलीकडच्या खाणीत गेला, छातीत धूळ भरून परतला आणि वारला. मुलगी तान्किसो लग्न होऊन खाली सपाटीला गेली. राहिली ती, तिचं घोडं आणि घरामागचं मक्याचं शेत. मक्याच्या आडोशाने गांजा. आमच्यात सगळ्याच बायका लावतात. घोड्याचं पोट फुगलं, म्हाताऱ्याचा खोकला बसेना, की तोच काढतात. उरलेला व्यापारी घेऊन जातात, त्यात मुलांचे बूट येतात.

पण मातान्किसोचं झाड आमच्यासारखं नव्हतं. तिच्या सासूने राखलेलं बी होतं ते. कमरेलाही न लागणारं बुटकं झाड, दाट फांद्या, रुंद काळपट पानं. आमची उंच झाडं फुलायच्या बेतात असायची तेव्हा तिचं कापून छपराखाली वाळायला टांगलेलं असायचं. आमच्याकडे हिवाळा मेपासून, पण बर्फ कधीकधी एप्रिलमध्येच पडतो, पीक उभं असताना. ज्याचं झाड आधी तयार, त्याचंच हाती लागतं.

मग कंपनी आली. मुखिया रांतिमोने गावाचं कुरण तिला दिलं, बदल्यात बायकांना कामं मिळाली. कंपनीकडे सरकारचा परवाना होता, औषधासाठी गांजा पिकवायचा. पहिल्या वर्षी त्यांनी परदेशातून आणलेलं बी पेरलं. झाडं डोक्याएवढी वाढली आणि एका पहाटे बर्फाखाली काळी पडली. तेव्हा मॅनेजर मोलेफी, राजधानीतला माणूस, ब्लँकेट पांघरून मातान्किसोच्या दारी आला. तिने त्याला बसवलं, पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वाढला.

"म्मे, तुमचं झाड बर्फाच्या आधी तयार होतं म्हणे," तो म्हणाला. आम्ही आईला आणि आईच्या वयाच्या बाईला म्मे म्हणतो.

"होतं."

"थोडं बी मिळेल?"

"थोडं कशाला, पुरेल तेवढं ने."

तिने वाडगाभर बी त्याच्या ओंजळीत ओतलं. तो पैसे द्यायला लागला तर म्हणाली, "ठेव ते. बियाचे पैसे घेतले तर सासू थडग्यातून उठून येईल माझ्या अंगावर."

पुढची दोन वर्षं कंपनीचं पीक झकास आलं. तिसऱ्या वर्षी त्यांच्या कळ्यांत बी भरलं. बी भरलेला माल बाहेरदेशी कोणी घेत नाही. मोलेफीने गावसभा बोलवायला लावली आणि सांगितलं, गावातल्या नर झाडांचा पराग वाऱ्याने आमच्या शेतात येतो, ती झाडं उपटा.

मातान्किसो उठली. "मी बी धरायला दोन नर राखते. तेही उपटले तर पुढच्या वर्षी काय पेरू, तुझा टाय?"

लोक हसले. ती हसली नाही. "माझं शेत तुझ्या कुंपणाच्या आधीचं आहे. वारा सोसत नसेल तर कुंपणावर छप्पर घाल."

"म्मे, त्यांच्याकडे परवाना आहे," मुखिया म्हणाला. "तुझ्याकडे काय आहे?"

"मागच्या हिवाळ्यात खोकल्यासाठी माझ्याकडून नेलंस ना, तेच आहे."

मुखियाचा चेहरा उतरला. त्याने सभा तिथेच मोडली.

त्याच आठवड्यात पोलीस आले, तेही कंपनीच्या गाडीतून. बाकीच्या बायकांनी आपली झाडं घाबरून आधीच उपटली होती. मातान्किसोने एकाला हात लावला नव्हता. त्यांनी सगळं उपटलं, जोडीला मकाही तुडवला. घरात शिरून बियाचं मडकं काढलं आणि जाळात रिकामं केलं. शेजारीण सांगत होती, लाह्यांसारखं तडतडत होतं. मला कुंपणाच्या आतून नुसता धूर दिसला.

कोर्टात तिने एकच विचारलं, "तक्रार करणाऱ्याच्या शेतात माझंच बी आहे. ते कोणत्या कायद्याने त्याचं झालं?"

न्यायाधीश म्हणाले, हा आजचा प्रश्न नाही. मग कोणत्या दिवसाचा, ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. तिला दोन महिन्यांची शिक्षा झाली.

सुटली ती वाळून काटकी झाली होती. पेरणीचे दिवस आले तशी ती कंपनीच्या फाटकाशी गेली आणि मोलेफीकडे बी मागितलं.

"परवाना नसलेल्याला बी दिलं तर माझी नोकरी जाईल, म्मे," तो म्हणाला. "आणि ते वाण आता कंपनीच्या नावावर नोंदलंय."

"मी दिलं तेव्हा माझ्याकडे कुठे परवाना होता? तेव्हा घेताना तुझा हात कापला नाही?"

तो आत निघून गेला. मी त्याच वाणाचे डबे रोज भरत होते. डब्यावर वाणाचं नाव म्हणून कुठल्याशा परक्या बाईचं नाव छापलेलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "म्मे, मी एप्रनच्या खिशातून मूठभर आणते. कोणाला कळणार नाही."

ती माझ्यावरच उसळली. "म्हणजे पोलिसांनी गुन्हेगार ठरवलं ते खरं करून दाखवायचं? मी त्याच्या हातात दिलं होतं. त्याने माझ्या हातात द्यावं."

त्या वर्षी तिच्या शेतात फक्त मका होता. कापणीच्या दिवसांत ती फाटकाबाहेर येऊन बसली. पहिल्या दिवशी आम्ही तिला ओलांडून आत गेलो. दुसऱ्या दिवशी माझ्याने पाय उचलवेना. मी तिच्याजवळ बसले, मग आणखी एक बसली, दुपारपर्यंत कापणाऱ्या सगळ्या बायका बाहेर होत्या. वर डोंगरावर बर्फाचे ढग उतरायला लागले होते आणि कंपनीचं पीक तसंच उभं होतं. मोलेफी कोणाशी तरी फोनवर बराच वेळ बोलला. मग हातात पिशवी घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांसमोर तिच्या ओंजळीत बी ओतलं. माफीचा शब्द मात्र नाही. पुढच्या महिन्यात माझं काम गेलं.

पुढच्या पेरणीला तिने ते पेरलं. अर्धी झाडं उंच निघाली. कुंपणाच्या आत कंपनीने तिच्या झाडांवर परदेशी उंच वाणाचा पराग घातला होता. गावाचा पराग नको म्हणून तिला तुरुंगात घातलं आणि तिच्या बियाची ही गत स्वतःच केली. मला रडू फुटलं. ती उंच झाडं उपटत पुढे सरकत होती.

"बुटकी राहिलीत ना अजून," ती म्हणाली. "त्यांचंच बी धरायचं. दरवर्षी उंच उपटायची. चल, ती कडेची ओळ तू घे."

परवाना तिला अजून मिळालेला नाही. अर्ज कचेरीत पडून आहे. पोलीस परत आले तर, असं मी विचारलं. येऊ देत, म्हणाली, आणि ओळीच्या टोकाकडे वळली.