संचिता पगारेची फॉरेन सेवा

संचिता पगारेला हवा होता एक हॉल. तोही फक्त शनिवारी, दोन तास.

कल्याणला ती ज्या चर्चमध्ये जायची, त्याच्या मागे हॉल होता, नव्या पांढऱ्याशुभ्र टाइल्सचा. आणि हॉलच्या मागे वस्ती. तिथल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांची पंधरा-सोळा मुलं. इंग्रजीचा पेपर म्हटलं की ती शाळाच चुकवायची. संचिता स्वतः टिटवाळ्याच्या मराठी शाळेत शिकलेली. कॉलेजचं पहिलं वर्ष तिने मागच्या बाकावर तोंड मिटून काढलेलं. या पोरांचं तसं होऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, सेक्रेटरी विनीत भालेराव, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"विचार उत्तम आहे गं. पण पोरं चिखलाचे पाय घेऊन येणार. टाइल्स बघितल्यास ना?"

"सर, मी धुईन त्यांचे पाय."

येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो धडा मागच्याच महिन्यात विनीतसरांनी उपासनेत वाचला होता. छान वाचतात ते, आवाज चांगला आहे.

"आधी अनुभव घे तू," ते म्हणाले. "मिशनवाले मे महिन्यात टीम नेतायत, फिलिपिन्सला, इंग्रजी शिकवायला. डोंबिवलीच्या मंडळीने दोघांना पाठवलं, आपलं एकही नाव नाही. जाऊन ये, उपासनेत सगळ्यांसमोर साक्ष दे, देवाने तिथे काय काय घडवलं ते सांग, मग हॉलचं बघू."

घरी आईने, शेवंतीबाईंनी, ऐकून घेतलं. भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "म्हणजे चर्चच्या मागच्या गल्लीत जायचं, ते व्हाया फिलिपिन्स."

पण संचिता गेली. निघायच्या आधी हार, शाल, आणि तिच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स: 'अंधारातील राष्ट्रांना प्रकाश'. फोटोत तिचे डोळे अर्धे मिटलेले होते, पण फ्लेक्स छापून झाला होता.

फिलिपिन्सच्या त्या बेटावर उतरल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की शाळेला सुट्टी आहे. मे महिना तिथेही मे महिनाच. हे कुणी विचारलंच नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे गावातलं चर्च चारशे वर्षांचं. आपल्याकडे चर्च शंभर वर्षांचं झालं की आपण स्मरणिका काढतो. जिच्या घरी संचिता उतरली होती त्या म्हातारीने नातीकरवी विचारलं, "आमच्याकडे येशू कधीचा आहे. तुमच्याकडे कमी पडला का, पोरी?"

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती नातच. नऊ वर्षांची, इंग्रजी फाडफाड. संचिता पहिलं वाक्य मनात जुळवेपर्यंत तिची चार बोलून व्हायची. टीमचा फोटोवाला आला तेव्हा तिनेच संचिताच्या हातात पुस्तक दिलं.

"टीचर, तुम्ही बोट असं ठेवा. मी तुमच्या तोंडाकडे बघते. फोटो असाच लागतो. मागच्या वर्षी कोरियाची टीम आलेली, त्याच्या आधी अमेरिकेची."

बिस्किटं वाटून झाली की मुलं समुद्रावर पळायची. मग संचिता म्हातारीबरोबर मासे साफ करायची आणि नात तिच्याशी गप्पा मारायची. असे चार आठवडे गेले. इंग्रजी सुधारलं. संचिताचं.

परत आली त्या रविवारी चर्च गच्च भरलेलं. उपासनेआधी पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोने, तिला बाजूला घेतलं. "हे बघ, लांबण लावू नकोस. आकडा सांग. चाळीस मुलं प्रभूकडे वळली म्हण."

"अहो, ती आपल्या आधीपासून वळलेली आहेत."

"मग चाळिसांचा विश्वास दृढ झाला म्हण. बाळा, हॉल हवाय ना तुला?"

हॉल तर हवाच होता. संचिता माइकपाशी गेली. चाळीस हा आकडा ओठांवर आला होता, पण समोर क्रूस. देवाच्या घरात उभं राहून थाप मारायची तिची छाती झाली नाही.

"मी तिथे कुणालाच काही शिकवलं नाही," ती म्हणाली. "त्यांनीच मला शिकवलं. त्यांना माझी गरज नव्हती."

मग विनीतसर उभे राहिले, डोळ्यांत पाणी. "काय ही नम्रता! याला म्हणतात सेवा! पुढच्या वर्षी टीमची लीडर म्हणून आपली संचिताच जाईल!" टाळ्या.

खरं बोलून हे असं होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. माइक अजून हातात होता. "सर, मला कुठे जायचं नाही. मला शनिवारी हॉल हवाय. मागच्या वस्तीतल्या मुलांसाठी. तुम्ही म्हणालेलात."

"हो हो, पण त्या टाइल्स..."

"टाइल्सचं काय?" शेवटच्या बाकावरून आवाज आला. हौसाबाई उठून उभ्या होत्या, चर्च झाडून-पुसून काढणाऱ्या. मंडळीने त्यांना आजवर 'आमेन'शिवाय काही बोलताना ऐकलं नव्हतं. "फरशी पुसते मी. गुडघे माझे दुखतात. मला चालतंय, मग सायेब, तुमचं काय दुखतंय?"

कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब भला माणूस, पण भांडणाला फार भिणारा. काय बोलावं सुचेना, तेव्हा जे नेहमी सुचतं तेच ते बोलले.

"आमेन."

आणि सवयीने अख्खी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन!" विनीतसरांचाही आवाज त्यात होता. चांगला आवाज आहे त्यांचा, खणखणीत ऐकू आला.

भर उपासनेत आमेन झालेला ठराव कमिटीत फिरवायचा कसा, यावर आठवडाभर खल चालला. तोवर शनिवार येऊन गेला. सोळा मुलं आली. हौसाबाईंनी दाराशी पाण्याची बादली ठेवली होती, आणि आपल्या नातवाला पहिल्या रांगेत बसवलं होतं.