थापेची बाग

सगळे तिला बागवाली म्हणतात, पण मुळात तिची बाग नव्हतीच. होतं ते नुसतं रान.

नवरा आणि धाकट्या दिरासोबत ती कोरड्या माळावरून इथे जंगल तोडून शेती करायला आली. माळावरचं शेत म्हणजे आरशासारखं लख्ख; काडी दिसली की बाई आळशी. इथेही त्यांनी तेच केलं. झाडं तोडली, जाळली, बुंधेसुद्धा उपटून काढले. पहिल्या वर्षी मका डोक्यावर गेला. तिसऱ्या वर्षी गुडघ्याला लागेना. धरून ठेवायला मुळंच नव्हती, पावसाने माती ओढ्यात नेली. त्यातच नवरा तापाने गेला. आपल्या वाट्याचा मागचा तुकडा तिने मग तसाच सोडला. त्यावर झुडपं माजली, पाचोळ्याखाली माती पुन्हा काळी होऊ लागली.

आणि मोजणीदार येणार अशी बातमी आली. कसलेली जमीन नावावर होणार, पडीक असेल ती सरकारजमा.

दीर काडेपेटी घेऊनच आला. "वहिनी, पेटवून देतो. मोकळं झालं की शेत दिसेल."

"हात लावू नका भाऊजी. बाळंतीण आहे ती."

"कोण?"

"जमीन. आत्ता कुठे अंग धरतेय."

"मोजणीदार काय पाळणा हलवायला येतोय? पडीक लिहून मोकळा होईल. मग बसा अंगाई गात!"

तिने देवाला हात जोडले आणि कोयता उचलला. वाटेकडेची तेवढी पट्टी साफ करून केळीचे मुनवे लावले. खड्डे दिरानेच खणले, कुरकुरत.

मोजणीदार घामाघूम होऊन आला. "हे काय?"

"बाग," ती म्हणाली.

त्याने केळी पाहिल्या, मागे डोकावला नाही. 'बाग' लिहिलं आणि पुढे गेला.

दीर हसून हसून खाली बसला. "काय थाप मारलीत, वहिनी!"

तिचं मात्र तोंड उतरलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा होता. कुठल्या तोंडाने लावणार?

दुसऱ्या दिवसापासून ती झुडपांच्या सावलीत कॉफीची रोपं लावू लागली. नव्याने वाढू लागलेलं झाड एकही तोडलं नाही.

आज कॉफी तोडायला दिराच्या सुना येतात. दीर अजून चिडवतो, "थापेला फळं आली की हो!"

"आली ना? मग हळू तोडा. फांदी मोडू नका."