वाटीखालचा फासा

नळाला पाणी आलं होतं, हात ओले होते, म्हणून दोनदा फोन उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला तर कुरुंद्याहून वहिनी, माझ्या दोस्ताची, दिगंबरची बायको. "भावजी, हे गेले... झोपेतच." मी विचारलं, "काहून?" झोपेत गेलेल्या माणसाबद्दल काहून विचारणारा मूर्ख मीच. दिगंबरशी मी दहा महिने बोललो नव्हतो, आणि पहिला विचार आला तो त्याच्या टेबलावरच्या फाशाचा. याची आजही लाज वाटते.

आमचा खेळ थोडक्यात सांगतो; घरच्यांनाही तो मला कधी धड समजावता आला नाही. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, प्रसंग अडला की फासा. दिगंबर चित्रकलेचा मास्तर, गोष्ट रचणारा तोच. रविवारी दुपारी त्याच्या हळदीच्या खोलीत पोत्यांना टेकून आम्ही तिघं-चौघं बसायचो. मी औंढ्याला जमीन मोजणीच्या कचेरीत, मला नियम लागतात. मारामारी माझ्या पद्धतीनं खेळली की कागदावर चौकटी आखायच्या, चिंचोके मांडायचे, किती पावलं, किती मार, सगळं जाड पुस्तकात बघून. एका मारामारीत अख्खी दुपार जायची, कबूल. पण न्याय बराबर व्हायचा. दिगंबरकडे मात्र एक पातळ वही अन् वीस बाजूंचा एकच फासा. फासा वाटीखाली खुळखुळवून झाकून ठेवायचा, निदान किती पडले म्हणजे जमलं तो आकडा आधीच मनात धरायचा, अन् म्हणायचा, "आधी बोल काय करतोस. मंग वाटी उचल." ऐकायला झकास! पण त्यात बोलघेवडा पुढे जातो. आमच्यातला कंपाउंडर मुखदुर्बळ, त्याचं पात्र कायम मागे. हे मी तोंडावर सांगितलं की दिगंबर हसायचा, "अन् तुह्या पुस्तकात माणूस कुठं हाय रे?"

दहा महिन्यांमागच्या त्या रविवारी खेळातला माझा शिपाई पुरात दोराला लटकलेला, दुसऱ्या हातात म्हातारा नावाडी. नावाड्याचं बोलणं दिगंबरच बोलायचा. वाटी उपडी, फासा तिच्याखाली. दिगंबरनं विचारलं,

"धरून ठेवतोस का सोडतोस?"

"आधी आकडा सांग."

"आकडा कळला की तू हिशेब करशील. मला तू काय करतोस ते पाह्यचं हाय."

"अन् मनातला आकडा तू बदलला तर?"

बारा वर्षं जुन्या दोस्ताला मी चारचौघांत खोटारडा म्हणालो होतो. दिगंबरचा चेहरा पांढराफटक पडला. "मी आकडा कधीच बदलला न्हाई," एवढंच म्हणाला. मी चिंचोके खिशात कोंबले आणि तरातरा निघालो. आधी राग होता, मग नुसती लाज. एकदा त्याच्याकडे जायला निघालो, वाटेतल्या शिरड शहापूरपर्यंत गेलो, चहा प्यालो... आणि गाडी माघारी वळवली. काय झालं असतं गेलो असतो तर!

तेराव्यानंतर वहिनींनी ती खोली उघडली. टेबलावर वाटी तशीच उपडी. आजूबाजूची धूळ पुसलेली.

"कुणाला हात लावू देईनात," वहिनी म्हणाल्या. "तो येईल, बोलेल, मंग उचलेल, म्हनायचे."

वहिनी दारातून हलेनात. शेवटी मोठ्यानं म्हणालो, "धरून ठेवतो. सोडत न्हाई." आणि वाटी उचलली.

"वाचला का हो नावाडी?" वहिनींनी विचारलं.

अकरा पडले होते. मी त्याची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली; मनातला आकडा कुठंच लिहिलेला नव्हता. नावाडी वाचायला किती लागत होते, ते एकट्या दिगंबरला ठाऊक होतं.