ओढ्याकडची बाजू

वाल्मिकला राग बिबट्याचा नव्हता, मुकादमाचा होता. बिबट्यानं डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं नेली, ठीक, जनावरच ते. पण उसाच्या फडाचा शेवटचा तुकडा तोडताना ओढ्याकडची बाजू मोकळी ठेवायची, आत काही दडलं असेल तर निघून जातं, हे मुकादम गोरक्षनाथला ठाऊक नव्हतं होय? गाडी भरायची घाई मेल्याला. चारी बाजूंनी तोड लावली.

अंगठ्याशिवाय ऊस धरता येत नाही. अकरा हंगाम कोयता चालवलेला गडी पस्तिशीत नोकरी शोधत नगरला फिरू लागला. एका कंपनीत वॉचमन हवा होता. तिथला मॅनेजर हात बघून हसला, वाल्मिकनं त्याचं टेबल उलथं केलं. दोघांनी बडवून त्याला गेटाबाहेर टाकला. पेट्रोल पंपावर पंधरा दिवस टिकला, मग एक गिऱ्हाईक 'थोट्या' म्हणालं आणि त्याचे दोन दात पडले. तीही नोकरी गेली.

"दिवाळीपतूर बघा," बायको ज्योती म्हणाली. "न्हाई जमलं तर मी भावाच्या जोडीनं तोडीला जाते. सुकन्याला संगं न्यावं लागंल. तिची शाळा सुटंल, सुटू द्या."

मुलगी सातवीत पहिली आलेली. वाल्मिक त्या रात्री जेवला नाही.

वनखात्याच्या बिबटे पकडणाऱ्या पथकात रोजंदारीवर माणसं घेणार होते. पथकाच्या ओंकार साहेबांनी हात बघितला. "पिंजरा कसा उचलशील?" संपलं. तेवढ्यात फोन आला, सोनईजवळच्या फडात बिबट्या कोंडलाय. जीप निघाली आणि वाल्मिक न विचारताच मागं चढला.

फडाभोवती दोनशे माणसं, हातात काठ्या. एकाची मांडी फाटलेली, टॉवेल रक्तानं भिजलेला. वाल्मिकनं पाहिलं, ओढ्याकडंही रांग धरलेली.

"वढ्याकडनं सरका," तो म्हणाला. ऐकतंय कोण!

मग त्यानं पहिल्याच्या छातीत डोकं घातलं. दुसऱ्याला गुडघा, तिसऱ्याच्या तोंडावर थोटा पंजा. रांगेतले त्याच्यावर तुटून पडले. पाठीवर काठ्या बसल्या, कपाळ फुटलं. तो पडला, उठला, पुन्हा भिडला. या हाणामारीत रांग मोडली आणि पिवळं धूड त्यांच्या अंगावरून दोन उड्यांत ओढ्यात गेलं. बिबट्यानं आणखी कुणाला ओरबाडलं नाही. काठ्या धरलेले हात तसेच राहिले.

साहेबांनी हे सगळं जीपशेजारून पाहिलं होतं. त्यांनी बॉनेटवर अर्ज ठेवला, शाईचं पॅड काढलं.

"लोकांना मारलंस पुन्हा, तर हाकलीन. डाव्या हाताचा अंगठा," ते सवयीनं म्हणाले आणि त्यांची नजर थोट्या पंजावर गेली. मग पॅड उजवीकडं सरकवलं.

वाल्मिकनं रक्त सदऱ्याला पुसलं, अंगठा दाबला.

"कामावर यायची तारीख दिवाळीच्या आदीची घाला, सायेब," तो म्हणाला.