आजींचा दगड

शहराबाहेरच्या वनउद्यानात मी नऊ वर्षं रोज सकाळी फिरतेय. तिथल्या पाऊलवाटा, करवंदीच्या जाळ्या, पाणवठा, सगळं मला पाठ आहे. त्यामुळे ते रान माझंच, असं मी धरून चालले होते.

परवा पाणवठ्याजवळ एक आजी दगडावर बसल्या होत्या. त्यांच्या चपलेजवळून एक मुंगूस अगदी निवांत चालत गेलं. मला नऊ वर्षांत मुंगसाची फक्त पळती शेपटी दिसली आहे. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू!

"तुम्हाला घाबरत नाही का हो ते?" मी जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं.

"मला कशाला घाबरेल? तुम्ही फिरायला येता, मी बसायला येते," आजी म्हणाल्या.

एवढ्या मोठ्या रानात दगडांना काय तोटा, पण मला तोच हवा होता. काल मुद्दाम लवकर जाऊन मी तो पटकावला आणि श्वास रोखून बसले. बऱ्याच वेळाने जाळीतून मुंगूस बाहेर आलं. थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून वाटेकडे बघत राहिलं, आजी अजून कशा आल्या नाहीत म्हणून.