पडताळणी क्रमांक सात

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि ते नाव तिला आवडायचं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा एक कागद असतो, जो सहसा कोणी उघडतही नाही. तो छपाईला जाण्याआधी वाचणं हे तिचं काम. एकदा मनात, एकदा मोठ्यानं आणि तिसऱ्यांदा खालून वर. यंत्रावरचा माणूस दारात उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवायचा, "बाई, छापायचंय हो, पाठ नाही करायचं," म्हणायचा. पण तिसरं वाचन झाल्याशिवाय कागद टेबलावरून हलायचा नाही. अठरा वर्षांत तिच्या नजरेतून एक शून्यदेखील निसटलं नव्हतं.

अशा बाईच्या हातून हे व्हावं, हे दुसऱ्या कोणाहीपेक्षा तिलाच जास्त दिवस खरं वाटलं नाही.

सगळं सुरू झालं ते लेकीच्या श्वासावरून. लेक नऊ वर्षांची. हवा गार झाली की तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची, आणि ती शिट्टी ऐकून आई भिंतीपलीकडून उठून यायची. डॉक्टरांनी फवारा दिला होता, पांघरुणं दर पंधरवड्याला कडक गरम पाण्यात धुवायला सांगितली होती, धूर टाळा म्हणाले होते. पण धूर टाळायचा कसा? मागच्या नाल्यापलीकडे भंगाराचं आवार होतं. तिथे पहाटे तारांचे ढीग पेटवायचे, वरचं प्लास्टिक जळून आतलं तांबं मोकळं व्हावं म्हणून. तक्रार केली की नगरपालिकेचा माणूस यायचा, पण दुपारी. तोवर राखही विझलेली असायची.

तिच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहत. हवामान खात्यातून निवृत्त झालेले, घरात बसून कंटाळलेले. त्यांनी तीन गच्च्यांवर तीन कॅमेरे लावले आणि भाच्याच्या मदतीनं एक वेबसाइट उभी केली. कॅमेऱ्यातलं चित्र एक एआय प्रोग्राम सतत बघायचा. धुरासारखं काही दिसलं की त्याचा फोटो काढायचा आणि नकाशावर त्या जागी ठिपका टाकायचा. काका एका बाबतीत हट्टी होते. नुसत्या यंत्राच्या सांगण्यावरून कोणावर बोट दाखवायचं नाही, प्रत्येक फोटो आधी माणसानं बघायचा. म्हणून वस्तीतले अकरा जण पडताळणीला घेतले. उगाच वैर नको म्हणून नावांऐवजी क्रमांक दिले. तिला सात मिळाला, आणि वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात.

मोबाइलवर फोटो यायचा, खाली प्रश्न, धूर आहे का? तीन बटणं होती. हो, नाही, सांगता येत नाही. माणसं जे दाबतील त्यावरून यंत्रही शिकत जायचं. नियम एवढाच की जो 'सांगता येत नाही' दाबेल, त्यानंच अर्ध्या तासात प्रत्यक्ष जाऊन बघून यायचं. नियम रास्त होता. पण सकाळी कोणाला वेळ? "ते तिसरं बटण म्हणजे चपला घालायचं बटण आहे," असं कोणीतरी बैठकीत म्हणालं आणि सगळे हसले. ती सर्वांत मोठ्यानं हसली. महिन्याभरात त्या बटणाला कोणी हात लावेनासं झालं.

काम मात्र झालं, हे नाकारता येत नाही. चार ठिकाणचं जाळणं थांबलं. भंगारवाल्यावर नगरपालिकेत खटला उभा राहिला. वेबसाइटवरचे पडताळलेले फोटो पुरावा म्हणून धरायला नगरपालिका तयार झाली. लेकीची शिट्टी कमी झाली नव्हती, पण आईला प्रथमच वाटलं की आपण नुसती काळजी करत बसलेलो नाही.

मग थंडी वाढली आणि कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीचे फोटो येऊ लागले. पत्र्याच्या छपरावर एक नळकांडं, त्यातून वर येणारा पांढरा लोट. पहिल्या फोटोला तिचं बोट थांबलं होतं. हे तिला नंतर स्वतःपासून लपवता आलं नाही. हा धूरच की दुसरं काही, असं मनात आलं होतं. पण एका हातात लेकीची वेणी होती, गॅसवर दूध चढलं होतं, बस चुकली की छापखान्यात पंचवीस मिनिटं उशीर. आणि मागच्या खोलीत लेक खोकत होती. पांढरं असलं म्हणून काय झालं, छातीत तर जातंच, असं म्हणून तिनं 'हो' दाबलं. दुसऱ्या दिवशी तोच लोट. काल हो म्हटलं, आज नाही कसं म्हणायचं? तिसऱ्या दिवसापासून तिनं विचारच सोडला. दुधावर एक डोळा ठेवून बोट आपसूक खाली जायचं.

फोटो फार येतात अशी कुरकुर सगळ्यांचीच होती. म्हणून काकांनी एक सवलत दिली होती. एका जागेला एकाच माणसाकडून वीस वेळा 'हो' आलं की यंत्रानं पुढे विचारायचं नाही, ती खूण त्याच माणसाच्या क्रमांकावर आपोआप चढवायची. लॉन्ड्रीचे वीस कधी झाले तिला कळलंही नाही. सकाळचे फोटो एकदम कमी झाले, तेव्हा तिला बरंच वाटलं. लेकीच्या दोन वेण्या सरळ निघू लागल्या.

एका शनिवारी ती लेकीची गोधडी आणि दोन चादरी घेऊन त्याच लॉन्ड्रीत गेली. शटर अर्धं खाली होतं. आत मावशी, म्हणजे लॉन्ड्रीची मालकीण, स्टुलावर बसली होती. साठीची, हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले, आवाज कायम यंत्राच्या वर चढवलेला. आज यंत्रं बंद होती तरी आवाज तेवढाच होता. इस्त्रीच्या टेबलाशी दोन बायका नुसत्याच बसल्या होत्या.

बॉयलरला नगरपालिकेचं सील लागलं होतं. धूर सोडता म्हणे.

"गॅसवरचा बॉयलर आहे ताई. धूर येईल कुठून? वाफ आहे ती. थंडीत तुमच्या तोंडातून येते तशी," मावशी म्हणाली. मग तिनं गल्ल्याखालून कागदांचा गठ्ठा काढला. "तुम्ही वाचणाऱ्या बाई ना? जरा नीट वाचून सांगा बरं. माझा चष्मा पुरत नाही आणि साहेबांची भाषा कळत नाही."

तिनं नोटीस हातात घेतली. सवयीनं मोठ्यानं वाचायला लागली. परिसरातील नागरिकांच्या वेबसाइटवरून प्राप्त एकेचाळीस छायाचित्रे. तारीख, वेळ. प्रत्येकाखाली एकच ओळ. पडताळणी क्रमांक सात. तिसऱ्या फोटोपाशी ती वाचायची थांबली. मावशीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं पाणी प्यायलं आणि पुढे वाचलं, एकेचाळीसच्या एकेचाळीस. दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

"हा सात कोण असेल हो?" मावशीनं विचारलं. रागानं नाही. एखादा रस्ता कुठे जातो असं विचारावं तसं.

"काय माहीत," ती म्हणाली.

गोधडी तिथेच ठेवून ती घरी आली. जिना चढताना तिला स्वतःच्याच पावलांचा आवाज नकोसा झाला.

रविवारी दुपारी नवरा लेकीला बागेत घेऊन गेल्यावर तिनं फोटो उघडले. पहिल्यांदा मोठे करून पाहिले. लोट नळकांड्याच्या तोंडापासून निघतच नव्हता. तोंड आणि पांढरेपणा यांच्यामध्ये वीतभर मोकळी हवा होती, आणि वर गेल्यावर तो ढग विरून जात होता. भंगाराच्या आवारातला धूर तोंडापासूनच काळा निघायचा आणि लांबवर रेंगाळायचा. लहान मुलालाही दोन्हीतला फरक सांगता आला असता. औषधाच्या कागदावरचा पूर्णविराम भिंगाखाली धरणाऱ्या बाईनं हे वीस वेळा बघितलं होतं, म्हणजे वीस वेळा बघितलंच नव्हतं. उरलेले एकवीस यंत्रानं आपले आपण चढवले होते. ते तरी कोणाकडून शिकलं? तिच्याच बोटाकडून.

संध्याकाळी नवऱ्यानं ऐकून घेतलं. तो लेकीचे बूट पुसत होता. म्हणाला, "अगं, सुनावणीत मावशी सांगेलच वाफ आहे म्हणून. सुटेल ती. तू स्वतःहून कशाला पुढे होतेस?" तिला ते ऐकून हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली.

ती काकांकडे गेली. काकांनी फोटो पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत पाहिले. आयुष्यभर ढग बघितलेला माणूस तो. त्यांना एका फोटोत कळलं. सवलत आपणच दिली होती हे त्यांनी आधी कबूल केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याचा निकाल आहे. आपले फोटो चुकीचे निघतात असं एकदा तोंडातून गेलं की त्याचा वकील तेच धरून बसेल. तेवढा आठवडा जाऊ दे, मग लॉन्ड्रीचं गुपचूप दुरुस्त करू.

"तो आठवडाभर मावशीचा बॉयलर बंद," ती म्हणाली.

"आणि तुझ्या पोरीची छाती? ती कोण बघणार?" काका म्हणाले. त्यांनी ते दुष्टपणानं विचारलं नव्हतं.

दोन दिवस ती गप्प राहिली. हे दोन दिवस तिला पुढे सर्वांत जास्त खुपले. पहिल्या दिवशी तिनं स्वतःला बजावलं की लेक आधी. दुसऱ्या दिवशी छापखान्यात एक कागद वाचताना तिच्या ध्यानात आलं की आपण लेकीच्या आड लपतोय. लेक खोकते म्हणून आपण 'हो' दाबलं, आणि लेक खोकते म्हणून आता गप्प बसतोय. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आपण हे किती दिवस ठेवणार? तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

लॉन्ड्रीत मावशी एकटीच होती. भिंगबाईनं उभ्या उभ्या सांगितलं, की सात मी आहे. तिसऱ्या बटणाचं सांगितलं, दुधाचं आणि वेणीचंही सांगितलं, आणि सांगता सांगता तिला ते किती हलकं कारण आहे ते ऐकू आलं.

मावशी आरडाओरडा करील अशी तिची तयारी होती. पण मावशीनं एवढंच विचारलं, "शनिवारी वाचून दाखवलंत, तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी पाणी दिलं."

मावशीच पुढे म्हणाली, "पन्नास पावलं आहे तुमचं घर. एकदा येऊन वर हात धरला असतात तर ओला झाला असता. कळलं असतं." मग तिनं कोपऱ्यातली गोधडी उचलून तिच्या हातात दिली, न धुतलेली. "गरम पाणी नाहीये. आणि साहेबांना जे सांगायचं ते लिहून आणा. मला वाचून माझी सून दाखवेल."

तिनं लिहिलं. सुनावणीला अकरापैकी सहा जण आले होते, काकाही. तिनं मोठ्यानं वाचलं, की हे फोटो मी न बघता पडताळले, पैकी एकवीस मी पाहिलेलेच नाहीत, धूर नसून वाफ आहे. साहेबांनी विचारलं, इतर फोटोंचं काय? ती म्हणाली, इतरांचं मी सांगू शकत नाही, पण सातचे सगळे पुन्हा तपासायला हवेत. मागच्या बाकावरून कोणीतरी मोठा श्वास सोडला. काका खिडकीकडे बघत होते. पण बाहेर पडल्यावर तेच तिच्या शेजारून इमारतीपर्यंत चालत आले. फाटकापाशी थांबून म्हणाले, सवलत काल रात्रीच काढून टाकली. आता दोघांनी बघितल्याशिवाय कुठलाही फोटो पुढे जाणार नाही, आणि शंका असेल तिथे जायची पाळी सगळ्यांना ठरवून दिली आहे. "हे आधी सुचायला हवं होतं. यंत्राला शिस्त लावली, माणसांना लावायची राहिली."

बॉयलर सील लागल्यापासून एकोणिसाव्या दिवशी सुरू झाला. भंगारवाल्याचा वकील काकांनी सांगितलं तसंच बोलला, आणि निकाल दोन महिने पुढे गेला. त्या दोन महिन्यांत पहाटेचा धूर येत राहिला, आणि लेकीला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. पडताळणीच्या गटातल्या एका आईनं तिच्याशी बोलणं सोडलं. त्या बाईचाही मुलगा खोकत होता. भिंगबाईला राग आला नाही. तिच्या जागी आपणही बोललो नसतो, एवढं तिला कळत होतं.

लॉन्ड्री चालू झाली तरी पहिल्यासारखी नाही. दवाखान्याच्या चादरींचं काम तोवर दुसरीकडे गेलं होतं, आणि इस्त्रीच्या टेबलावरच्या दोघींपैकी एकीलाच परत बोलावता आलं. दुसरी आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका कारखान्यात जाते. तिची बस आणि छापखान्याची बस एकाच थांब्यावरून सुटतात. रोज सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी दोघी शेजारी उभ्या असतात. सुनावणीला ती आली नव्हती, तिला सात कोण ते माहीत नाही, मावशीनंही सांगितलेलं दिसत नाही. दोन बस बदलाव्या लागतात, घरी पोहोचेपर्यंत पोरं झोपलेली असतात, असं ती मध्येच सांगते, कुरकुर न करता.

"मुलीचा खोकला कसा आहे ताई?" ती रोज विचारते.

"बरा आहे," भिंगबाई म्हणते. उद्या सांगायचं असं ती रोज ठरवते. मग छापखान्याची बस येते, आणि ती बाई गर्दीत बाजूला सरून हिला चढायला जागा करून देते.