टूरिस्ट, सोबत सुके बोंबील

बँकॉकच्या एका शाळेत मी दोनदा रुजू व्हायला गेले. पहिल्या खेपेला मला शाळेचं फाटकसुद्धा दिसलं नाही.

नेरूळच्या शाळेत मी एकोणीस वर्षं सहावी-सातवीला विज्ञान शिकवलं. एकोणीस वर्षं तोच बेडूक, तेच परागीभवन! बेचाळिसाव्या वर्षी वाटलं, एकदा तरी दुसऱ्या देशातल्या पोरांना बेडूक शिकवून बघू या. अर्ज केला, ऑनलाइन मुलाखत दिली (वर सिल्कची साडी, खाली गाउन), आणि चक्क निवड झाली! मी त्याच दिवशी राजीनामा दिला. माझा नवरा अविनाश मुळात मोजकं बोलतो. तो एवढंच म्हणाला, "व्हिसा?"

"येईल रे. तू लगेच मिठाचा खडा टाकू नकोस."

व्हिसा काही आला नाही. शाळेच्या को-ऑर्डिनेटर बाईंचा फोन मात्र आला. "मॅडम, आप बस आ जाइए. सोमवार से टर्म है. पेपर्स इधर ही बन जाएँगे. एअरपोर्ट पे सिर्फ टूरिस्ट बोलना."

आता, कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारी बाई मी! पण राजीनामा देऊन बसलेली बाई फार तत्त्वं सांगू शकत नाही. मी आरशासमोर "टूरिस्ट, टूरिस्ट" असा सराव सुरू केला. तीन देवळांची नावं पाठ केली. अविनाश दाढी करता करता म्हणाला, "टूरिस्टचा चेहरा असा असतो?"

"पहिल्यांदा जाणाऱ्याचा असतो!"

माझं माहेर सारसोळे, आमच्या सोसायटीपासून रिक्षाने पाच मिनिटं. तिथे माझा धाकटा भाऊ दिनेश राहतो आणि बॅनर लावतो. गावात कुणाला मुलगा झाला, कुणी बारावी सुटलं, कुणी नवी गाडी घेतली, की दिनेशचा बॅनर नाक्यावर चढलाच म्हणून समजा.

"ताई, तू गावातली पयली फॉरेनची टीचर! बॅनर तर झालाच पायजे."

"नको रे, उगाच कशाला," असं मी एकदा म्हणाले. (एकदाच. दुसऱ्यांदा म्हणाले असते तर त्याने ऐकलं असतं.)

शिवाय डिझाइन बघायला मीच गेले. मागे विमान, मधोमध मी, खाली चाळीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे. मजकूर होता, 'सारसोळे गावची सुकन्या वैशालीताई यांची बँकॉक येथे शिक्षिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

"खाली इंग्लिशमध्येपण टाक," मी म्हणाले.

"इंग्लिश कशाला?"

"आमच्या सोसायटीतल्या मद्रासी मामींना, पंजाबी आंटींना मराठी येतं का? त्यांनाही कळायला नको?"

मग इंग्रजीत ठळक लाल अक्षरांत आलं: टीचर, बँकॉक. जॉइनिंग मंडे. एक मोठा बॅनर नाक्यावर लागला, एक छोटा आमच्या सोसायटीच्या गेटवर. मी चार दिवस कारण नसताना गेटवरून ये-जा करत होते.

निघायच्या दिवशी आय आली. माझी आई, वय सत्तर, आयुष्यभर मासळी विकलेली. तिने माझी बॅग ताब्यात घेतली.

"तिकरं तुला बोंबील कोन देनार गो?"

"आय, नेऊ देत नाहीत. वास येतो."

"कुटला वास? आसं बांधलंय का कुत्र्याला कलनार नाय. तू हात लावू नको."

मी हात लावला नाही. तेवढी आज्ञाधारक मी नेमकी त्याच दिवशी झाले.

बँकॉकला उतरले. इमिग्रेशनच्या खिडकीत "टूरिस्ट" म्हणाले आणि शिक्का बसला. इतकं सोपं! देवळांची नावं वाया गेली म्हणून थोडं वाईटच वाटलं. मग बॅग घेऊन कस्टम्सच्या यंत्रापाशी पोहोचले आणि एका अधिकारी मुलीने नम्रपणे मला बाजूला बोलावलं. हातमोजे घालून तिने बॅग उघडली. कपड्यांच्या खाली भलं मोठं गाठोडं.

"हे काय?" तिने इंग्रजीत विचारलं.

"फिश. ड्राय."

ती गाठोडं सोडायला लागली. आयने बोंबील चांगले चार घड्या घालून बांधले होते. पहिल्या घडीत दिनेशचे चाळीस शुभेच्छुक निघाले. दुसऱ्या घडीत विमानाचं शेपूट. तिसऱ्या घडीत माझं कपाळ दिसलं. सोसायटीच्या गेटवरचा बॅनर होता तो! (फ्लेक्समधून वास जात नाही, हे आयचं म्हणणं मात्र तंतोतंत खरं होतं.)

मुलीने शेवटची घडी उलगडली. बॅनरवरची मी तिच्याकडे बघून हसत होते. खाली लाल अक्षरांत, आंटींच्या सोयीसाठी: टीचर, बँकॉक. जॉइनिंग मंडे.

"या तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही. माझी बहीण."

"अगदी तुमच्यासारखी दिसते."

"जुळी."

तिने पासपोर्ट उघडला. बॅनरवर दिनेशने हौसेने इंग्रजीतही नाव टाकलं होतं. "दोघींचं नाव एकच?"

"आमच्याकडे असतं तसं," मी म्हणाले, आणि एकोणीस वर्षांत पोरांनी मला सांगितलेली सगळी कारणं याहून बरी होती हे मला तिथे उभ्या उभ्या पटलं.

मग मात्र मला रडूच आलं. सगळं खरं सांगून टाकलं. राजीनामा, सोमवार, बेडूक, सगळं. तिने तिच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी शाळेच्या को-ऑर्डिनेटर बाईंना फोन लावला. बाई घाईघाईने म्हणाल्या, "हो हो, टूरिस्टच आहेत त्या! आमची शाळा बघायला आल्यात."

साहेबांनी शांतपणे फोन ठेवला. माझा शिक्का रद्द झाला, बोंबील जप्त झाले आणि संध्याकाळच्या विमानात माझी जागा झाली. ओरडलं कुणीच नाही. मुलीने मला चहा आणून दिला, त्याची जास्तच लाज वाटली. मी अविनाशला फोन केला. वाटलं, आता हा नक्की म्हणणार, व्हिसा?

तो म्हणाला, "घ्यायला येतो. जेवून घे काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सारसोळ्याच्या नाक्यावरून, माझ्याच मोठ्या बॅनरखालून, मी ओढणीने तोंड झाकून माहेरी गेले. आयने दारातच विचारलं, "बोंबील?"

"ठेवून घेतले त्यांनी."

"मंग खातील बिचारे. तव्यावर भाजायचं तरी सांगलंस का?"

दिनेश मात्र खरोखर खचला होता. "ताई, शुभेच्छुक फोन करतात. काय सांगू?"

नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. जुन्या शाळेत माझा वर्ग दुसऱ्या बाईंना दिलेला, आणि बँकॉकचा सोमवार तर उलटूनही गेला. तीन दिवस मी भांडी घासता घासता रडले. चौथ्या दिवशी तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन आला. म्हणाले, चूक आमच्याकडूनही झाली, रीतसर कागद पाठवतो, महिनाभर जागा ठेवतो. मग मी पदवीच्या प्रती, पोलिसांचा दाखला, डॉक्टरचं पत्र यांच्यामागे अशी धावले की चार किलो उतरले. पंचविसाव्या दिवशी व्हिसा आला. अविनाशने तो स्वतः तीनदा वाचला आणि मग पेढे आणले.

दुसऱ्या खेपेला बॅग मी स्वतः भरली. हातात जाडजूड फाइल. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या तरुणाने व्हिसा बघितला, शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला. दहा सेकंद! कशासाठी आलात, हेही विचारलं नाही.

"टीचर," मी आपणहून सांगितलं.

त्याने मान हलवली.

"सायन्स टीचर!"

त्याने मागच्या माणसाला बोलावलं. इतकी मेहनत केलेली फाइल कुणी उघडायलाच तयार नाही! पुढे कस्टम्सपाशी दोन वाटा होत्या. जाहीर करायला काही नसलेल्यांसाठी हिरवी, असलेल्यांसाठी लाल. माझ्या बॅगेत नुसते कपडे, तरी मी ऐटीत लाल वाटेने गेले.

"काय जाहीर करायचंय?" तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं.

मी फाइल टेबलावर ठेवली. "मी शिक्षिका आहे. मागच्या खेपेला खोटं बोलले होते, आज सगळं खरं आहे."

एवढं प्रामाणिक माणूस समोर आल्यावर कुठलाही अधिकारी जे करील तेच त्याने केलं. माझी बॅग तळापर्यंत उपसली. एकेक ब्लाउज झटकून बघितला. बाहेर शाळेची गाडी तासभर ताटकळली.

शाळेत पोहोचले तेव्हा पहिला तास संपला होता. मुख्याध्यापक दारातच उभे होते. त्यांनी हसून विचारलं, "उशीर झाला?"

मी म्हणाले, "ट्रॅफिक."